अर्पाला कोणी रागावलं नाही

रविवारच्या प्रार्थनेत पास्टर खेमसिंगांनी पुन्हा तिचं नाव घेतलं.

"रूथ पाहाची असंन तं लांब जा लागत नाही," ते म्हणाले. "आपली रंजिताबाई पाहा."

सतरंजीवर बसलेली सगळी माणसं वळून तिच्याकडे बघायला लागली. रंजितानं पदर पुढं ओढला आणि मान खाली घातली. लोकांना वाटलं, लाजली. ती लाजली नव्हती. कंबर ठणकत होती आणि घरी सासूच्या अंगाखालची चादर एव्हाना ओली झाली असणार, एवढंच तिच्या डोक्यात चाललं होतं.

महागाव तालुक्यातला हा गोरमाटी, म्हणजे बंजारा तांडा. येशूला मानणारी घरं त्यात थोडीच. बाकीच्यांचे देव वेगळे, पण लग्नाला आणि मयतीला सगळे एका ठिकाणी. तांड्यात सगळ्यांत आधी विश्वासात आली ती रंजिताची सासू रुक्माबाई. तिच्यामागून तिचा थोरला मुलगा इंद्रजीत आला आणि लग्नानंतर रंजिता. पुढं इंद्रजीत काविळीनं गेला. दोन वर्षांनी रुक्माबाईला लकवा मारला, डावं अंग गेलं. रंजिताची पोरगी सोनू नर्सिंग शिकायला यवतमाळच्या होस्टेलवर होती. धाकटा दीर शाम यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कामाला होता आणि बायकोपोरांसह तिथंच भाड्याच्या खोलीत राहत होता. मागं उरल्या या दोघी.

म्हणून पास्टर तिला रूथ म्हणायचे. ती गोष्ट ख्रिस्ती घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. दुष्काळात नामी नावाची बाई नवऱ्याबरोबर परमुलखात जाते, तिथं नवरा मरतो, दोन्ही मुलगे मरतात आणि दोन विधवा सुना मागं राहतात. नामी आपल्या गावी परत निघते तेव्हा एक सून, अर्पा, माघारी फिरते. दुसरी, रूथ, सासूला सोडत नाही. दर वर्षी यावर एक तरी प्रवचन व्हायचं, आणि अलीकडं त्यात रंजिता यायचीच.

ती अंगणवाडीत मदतनीस होती. सकाळी सासूचं अंग पुसून, तिला चारून जायची, पोरांची खिचडी शिजवायची, भांडी घासायची आणि दुपारी परत यायची. मग पुन्हा सासूची कूस बदलणं, भाकर कुस्करून चारणं, चादरी धुणं. ते झालं की रुक्माबाईला डुलकी लागायची. तेवढा वेळ रंजिताचा. मागच्या सपरीत टिनाच्या सावलीला बसून ती बायबल उघडायची.

प्रार्थनेच्या मंडळीतल्या बायांचा मोबाइलवर एक ग्रुप होता. वर्षभरात सगळं बायबल वाचून काढायचं. रोजचे अध्याय सकाळी ग्रुपवर यायचे आणि वाचून झाले की प्रत्येकीनं हात जोडल्याचं चित्र टाकायचं. रंजिताही टाकायची. पण तिचे डोळे नुसते ओळींवरून चालत आणि मन मोरीतल्या चादरींकडं असे. वंशावळ्या, यज्ञाचे नियम, राजांची नावं, सगळं एका कानानं शिरून दुसऱ्यानं बाहेर. पुष्कळदा तर पुस्तक मांडीवर तसंच उघडं राही आणि ती भिंतीला टेकून झोपलेली असे. जाग आली की आधी चित्र टाकायची.

दिवाळी झाल्यावर महागावला बायांसाठी एक दिवसाचा वर्ग भरला. यवतमाळहून सलोनीताई शिकवायला आल्या होत्या. त्यांनी पहिल्यांदाच विचारलं, "काल वाचलेलं आज कोणाला आठवतं?"

बाया आपापल्या बायबलची पानं चाळायला लागल्या.

"मलाही आठवायचं नाही," सलोनीताई म्हणाल्या. "देव आपली हजेरी घेत नाही. कमी वाचा, पण तेच तेच वाचा. एकच लहान पुस्तक घ्या. कोण बोलतं, कोणाशी बोलतं ते बघा. कोण रडलं, कोण उठलं, कोण चाललं ते बघा. आणि जे लिहिलेलं नाही ते आपल्या पदरचं घालू नका. आपण प्रवचनं ऐकून ऐकून फार घालतो."

रंजितानं घरी येऊन ग्रुपचा आवाज बंद केला. लहान पुस्तक म्हणजे कोणतं, हे पाहताना तिचा हात रूथच्या पुस्तकावर थांबला. प्रेमानं थांबला असं नाही. खरं सांगायचं तर ती त्या बाईवर चिडलेली होती. आपल्या नावाला जिला चिकटवलंय ती एवढी कोण, ते एकदा बघू तरी, असं तिला वाटलं.

पहिल्या दिवशी तिनं पहिला अध्याय सरळ वाचला आणि झोप लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच वाचला. तिसऱ्या दिवशी पेन्सिल घेऊन बसली आणि कोण काय बोललं त्याखाली बारीक रेघ मारत गेली. एका जागी तिची पेन्सिल थांबली. नामी म्हणते, आपापल्या आईच्या घरी परत जा. त्यावर सुना गळा काढून रडतात आणि म्हणतात, नाही, आम्ही तुमच्यासंगंच येतो.

दोघीही म्हणतात.

रंजितानं ती ओळ पुन्हा वाचली. आजवर तिला वाटत होतं की अर्पा मुकाट्यानं पाठ फिरवून चालती झाली. तसं नव्हतं. तीही रस्त्यानं चालत आली होती, तीही रडली होती, येते म्हणाली होती. नामीनंच पुन्हा सांगितलं, फिरा मुलींनो. आणखी एकदा सांगितलं. मग अर्पानं सासूचा मुका घेतला आणि ती गेली. रंजिता पुढं शोधत राहिली, आता तिला कोणी काही बोलेल. पान उलटलं, उरलेले तिन्ही अध्याय चाळले. तिला कोणी स्वार्थी म्हटलं नव्हतं. कोणी रागावलंच नव्हतं. नामीनं तर दोघींनाही एकच आशीर्वाद दिला होता, की देव तुम्हाला विसावा देवो.

विसावा या शब्दावर बोट ठेवून ती किती तरी वेळ बसून राहिली.

"रंजिता! ओ रंजिता!" आतून हाक आली. "मेली का काय?"

"आली, याडी."

रुक्माबाई, घरातल्या सगळ्यांची याडी म्हणजे आई, बाजेवर जागी होती. उभं आयुष्य फेटिया-कांचळीत, आरसे लावलेल्या घागरा-चोळीत काढलेल्या या बाईला लकव्यानंतर गाऊन घालावा लागला होता आणि त्याचा राग तिच्या तोंडावर कायम असायचा. तोंड डावीकडं ओघळलेलं, शब्द जड. पण बोलायचं काही ती सोडत नव्हती.

"काय वाचून राह्यली एवढं? माहा घसा सुकला."

रंजितानं तिला चमच्यानं पाणी पाजलं. "रूथचं वाचून राह्यली."

"मोठ्यानं वाच. मले काय डोळ्यानं वाचता येते का?"

तेव्हापासून दुपारचा थोडा वेळ सपरीत आणि थोडा बाजेशी जायला लागला. रुक्माबाईला अक्षर येत नव्हतं, पण ऐकून ऐकून तिला पुष्कळ पाठ होतं. आणि तिचे प्रश्न कुठूनही यायचे.

"ते अर्पा घरी पोचली का?" एकदा तिनं विचारलं.

"लिहिलं नाही, याडी."

"एकटी बाई. ऊन कसं असंन, रस्ता कसा असंन." रुक्माबाई आढ्याकडं बघत राहिली. "आमचे बुढे लोकं बैल लादून मुलूखभर हिंडत. मीठ नेत, दाने नेत. वाटेत एकटीदुकटी बाई दिसली का तांड्यासंगं घेत, गावाच्या शिवंपर्यंत सोडत. कोनी तरी भेटलं असंन तिले."

"असंन," रंजिता म्हणाली. सलोनीताईंचा नियम तिला आठवला, पण सासूला तो तिनं सांगितला नाही.

ख्रिसमसला शाम आणि त्याची बायको मोटारसायकलवरून केक घेऊन आले, दुपारी जेवून जायच्या बेतानं. तांड्यातले लोक भेटायला येत होते, ज्यांचा सण नव्हता तेही. रंजिता सकाळपासून चुलीशी होती. चहाचा ट्रे घेऊन ती बाहेर आली तेव्हा बाजेभोवती बाया बसल्या होत्या आणि रुक्माबाई डोळे पुसत होती.

"काय राह्यलं माह्या हाती?" ती म्हणत होती. "नवरा गेला, पोरगा गेला, अंगही गेलं. मले कोनी नाही आता."

"असं कायले म्हन्ता?" एक बाई म्हणाली. तिनं रंजिताकडं पाहिलं आणि पटकन नजर वळवली.

रंजितानं चहा दिला. कप गोळा करून आत नेले. शाम जाताना म्हणाला, "भाभी, तुमी हाये म्हनून आमाले फिकर नाही."

चार दिवस तिनं बायबल उघडलं नाही. पाचव्या दिवशी दुपारी उघडलं ते बेथलेहेमच्या वेशीशी. नामी गावात शिरते, बाया गोळा होतात, ही नामीच ना, असं विचारतात. नामी म्हणते, मला नामी म्हणू नका, कडू म्हणा. मी भरलेली गेले होते, देवानं मला रिकामी परत आणलं.

रंजितानं पेन्सिल खाली ठेवली. रिकामी. आणि रूथ तिथंच उभी होती. एवढा रस्ता पायी तुडवून आलेली, सासूच्या शेजारी, सगळ्या गावासमोर. तिनं ते ऐकलं असणार. ती काय म्हणाली? लिहिलेलं नव्हतं. तिला कोणी तांब्याभर पाणी दिलं का? तेही लिहिलेलं नव्हतं. रंजितानं आपल्या मनातून रूथच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि मग, नियम आठवून, तो परत घेतला. तिला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. रडायलाही अंगात काही लागतं.

त्या दिवशी तिनं सासूला मोठ्यानं वाचून दाखवलं नाही. रुक्माबाईनंही विचारलं नाही.

जानेवारीत एका सकाळी ती सासूला बाजेवरून उचलून खुर्चीवर बसवत होती. रोजचंच काम. संडासाला बसण्यासाठी पाट्याला भोक पाडलेली, पास्टरांनीच कुठून तरी आणून दिलेली ती लाकडी खुर्ची. रंजितानं सासूच्या काखेत हात घातले, जोर केला आणि कंबरेत अशी कळ आली की डोळ्यांपुढं अंधारी. दोघी बाज आणि खुर्ची यांच्यामध्ये कोसळल्या. रंजिता खाली, रुक्माबाई अर्धी तिच्या अंगावर.

"याडी, लागलं का?"

"तू खाली हायेस. मले काय लागते?"

रंजितानं उठायचा प्रयत्न केला. कंबर जागची हलेना. तिनं गंगीला हाक मारली. गंगी म्हणजे शेजारीण, पण ती पाण्याला गेली असावी. शेणानं सारवलेली जमीन गार होती. एक कोंबडी उंबऱ्यापर्यंत आली, दोघींना बघून थबकली आणि परत गेली. रंजिताला आधी हसू फुटलं. मग ते हसू कधी रडण्यात गेलं ते तिलाही कळलं नाही.

"काहून रडून राह्यली? हाड मोडलं का?"

"नाही." तिनं मनगटानं नाक पुसलं. "याडी, पास्टर मले रूथ म्हन्ते. मी रूथ नाही."

"मंग?"

"मी तं अर्पा. मले जावं वाटते. रोज वाटते. तुमाले घास भरवता भरवता वाटते."

रुक्माबाईचा श्वास रंजिताच्या मानेला लागत होता. रंजिताला वाटलं, संपलं. बोलू नये ते आपण बोलून बसलो.

"कुठं जाशीन?" रुक्माबाईनं विचारलं. आवाजात राग नव्हता.

"मालूम नाही. कुठंच नाही. झोपाले."

"नामीनं काय म्हटलं होतं तिले?"

"कोनाले?"

"त्याच अर्पाले. वाचलं ना तू."

"परत जा म्हटलं."

"कितीक खेपा?"

"लय खेपा, याडी. फिरा म्हटलं, जा म्हटलं, पुन्हा फिरा म्हटलं."

रुक्माबाईचा चांगला हात जमिनीवर चाचपडत तिच्या हातापाशी आला. "आन मी एक खेपही नाही म्हटलं," ती म्हणाली.

मग गंगी आली आणि दारातूनच ओरडली. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं दोघींना उचललं. रंजिताला खाली सतरंजीवर निजवलं. हाड मोडलं नव्हतं, कंबर भरली होती. त्याच दुपारी रुक्माबाईनं गंगीला शामचा नंबर लावायला सांगितला. गंगीनं फोनचा आवाज मोठा करून तो तिच्या तोंडाशी धरला.

"मले घेऊन जा," रुक्माबाई म्हणाली.

"काय झालं, याडी?"

"तुही भाभी पडली. माह्यापाई पडली. गाडी घेऊन ये."

"याडी, इथं एकच खोली हाये. माही रातपाळी असते, हे पोट्टे..."

"मंग एका खोलीत राहीन."

"मी पाहतो ना. दोन-तीन महिन्यांत पाहतो काही तरी."

"तीन साल झाले तुह्या पाहन्याले," रुक्माबाई म्हणाली. गंगीनं फोन कानाला लावून पुढचं बोलणं आपल्याकडं घेतलं आणि तिच्या तोंडाला तर तांडा भ्यायचा.

रंजिता सतरंजीवरून म्हणाली, "याडी, मी तसं नाही म्हटलं. मी बरी झाली का करीन सगळं."

"चूप राय," रुक्माबाई म्हणाली. "झोप."

दोन दिवसांनी पास्टर खेमसिंग आले. रुक्माबाई शामकडं चालली, ही बातमी तांड्यात पोचली होती. ते चांगले होते. इंद्रजीतच्या आजारात रात्रंदिवस दवाखान्यात बसलेले. आताही येताना कमरेला लावायचं तेल घेऊन आले होते.

"बाई, हे काय आयकून राह्यलो मी?" ते म्हणाले. "तुमच्याकडं पाहून चार घरच्या सुना शिकतेत. रूथनं सासू सोडली नाही."

रंजिता भिंतीला टेकून बसली होती. भांडायचं त्राण तिच्यात नव्हतं. "अर्पाले कोनी रागावलं नाही, पास्टर," ती म्हणाली. "मी चारही अध्याय पाह्यले."

पास्टरांनी पिशवीतून आपलं बायबल काढलं, चष्मा लावला आणि पहिला अध्याय वाचायला घेतला. मनातल्या मनात, ओठ हलवत. मग एका जागी बोट ठेवून म्हणाले, "पन ते आपल्या देवाकडं परत गेली, असं नामी म्हन्ते. विश्वास सोडला ना तिनं."

"मी नाही सोडत. मी फक्त थकली."

ते पुन्हा वाचत राहिले. आत रुक्माबाई खोकली. तिनं नक्की सगळं ऐकलं होतं.

"मले पटलं असं नाही म्हनत मी," शेवटी पास्टर म्हणाले. "मी आतापर्यंत हे असं सांगितलं नाही कधी. पाहा लागन मले. पन आज तुमचं तोंड पाहून काही बोलत नाही." त्यांनी उभ्या उभ्या लहानशी प्रार्थना केली, तिच्या कमरेसाठी, रुक्माबाईच्या प्रवासासाठी, आणि गेले.

शाम एक व्हॅन घेऊन आला तो पुढच्या आठवड्यात. कपाळाला आठ्या, पण आला. रुक्माबाईनं गाऊन घालून जायला साफ नकार दिला. गंगीनं आणि रंजितानं मिळून तिला फेटिया-कांचळी घातली, वर ओढणी दिली. डावा हात कांचळीत घालताना दोघींना घाम फुटला. व्हॅनच्या मागच्या सीटवर उशा लावून तिला निजवलं. रंजिता वाकली तेव्हा रुक्माबाईनं चांगल्या हातानं तिची मान धरून खाली ओढली आणि मोठ्यानं रडायला लागली. रंजिताही रडली. दार ओढून घेताना शामनं दोघींकडं असं पाहिलं, जसं काही हे नेमकं कोण कोणाला सोडून चाललंय ते त्याला उमगत नव्हतं.

पहिले काही दिवस रंजिता नुसती झोपली. अंगणवाडीतून आली की झोपायची, गंगीनं उठवलं की खायची, पुन्हा झोपायची. झोपेतही मध्येच दचकून "आली, याडी" म्हणायची. बायबल सपरीत कोनाड्यात होतं. ते उघडलं नाही म्हणून तिला आधी भीती वाटली, मग भीतीही दमली. एका दुपारी तिनं नुसतं ते मांडीवर घेतलं आणि न उघडता बसली. देवा, मला बोलायला काही नाही, असं ती म्हणाली. उत्तर आलं नाही, पण उठून जावं असंही वाटलं नाही.

मार्चमध्ये ती लोहाऱ्याला गेली. खोली खरंच एकच होती. पडदा लावून अर्धी रुक्माबाईला दिली होती. शामचे डोळे आत गेले होते. त्याची बायको रंजिताला बघून एकदम तिच्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली. शेजारची एक बाई रुक्माबाईपाशी बसली होती आणि रुक्माबाई तिला सांगत होती, "मले कोनी नाही, बाई."

धाकट्या जावेचा चेहरा उतरला. रंजिता तिच्या कानाशी म्हणाली, "मनावर नको घेऊ. नामीही असंच म्हने."

"कोन नामी?"

"वाचू आपन कधी तरी."

दोघींनी मिळून रुक्माबाईला न्हाऊ घातलं. पाठीला एका जागी लाल झालं होतं. कूस कशी बदलायची, गुडघ्यांच्या मध्ये उशी कशी ठेवायची, ते रंजितानं जावेला दाखवलं. शामलाही दाखवलं. तो दारात उभा होता.

"भाभी," तो म्हणाला, "हे तीन साल तुमी एकटीनं केलं?"

"केलं."

"मले सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं होतं. तुमी म्हने, पाहू."

शामनं मान खाली घातली. मग त्यांचं ठरलं. दिवाळीपर्यंत याडी इथं, दिवाळीनंतर उन्हाळ्यापर्यंत तांड्यात, आणि तिथं असेल तेव्हा दर महिन्याला शामनं दोन दिवस येऊन राहायचं. त्याच्या बायकोनं ते त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

निघताना रुक्माबाईनं रंजिताला जवळ बोलावलं. "झोपतेस का?"

"झोपते, याडी."

"आन वाचतेस?"

"अजून नाही."

"पहिले झोप," रुक्माबाई म्हणाली. "ते पुस्तक कुठं पयून नाही जात. आन हिच्या वरनात मीठ नसते, तिले सांग."

उमरखेडला जाणाऱ्या बसमध्ये रंजिताला खिडकीची जागा मिळाली. तिनं पिशवीतून बायबल काढलं, दुसरा अध्याय उघडला आणि आर्णी यायच्या आत तिला झोप लागली. जाग आली ती कंडक्टरनं खांदा हलवल्यावर. गाडी रिकामी झाली होती.

"बाई, उमरखेड आलं. उतरा."

महागाव कधीच मागं पडलं होतं. ऊन उतरायला लागलं होतं. ती खाली उतरली आणि स्टँडवरच्या बाकावर बसली. एरवी तिचा जीव वर-खाली झाला असता. आज घरी वाट पाहणारं कोणी नव्हतं. तिनं गंगीला फोन करून झोपेत पुढं आल्याचं आणि बकरी बांधून घ्यायला सांगितलं. गंगी फोनवरच खदखदून हसली. मग तिनं एक चहा घेतला आणि मांडीवर दुसरा अध्याय उघडला.

सातूच्या कापणीचे दिवस. रूथ सासूला विचारते, मी शेतात जाऊन पडलेली कणसं वेचू का? नामी म्हणते, जा, मुली. रंजितानं एवढंच पुन्हा वाचलं. परक्या मुलखातलं शेत, अनोळखी माणसं, दुपारचं ऊन. रूथही थकलेली असणार. पुढं लिहिलं होतं की ती सकाळपासून उभी होती आणि मध्ये थोडाच वेळ टेकली. हे तिनं आजवर कधी पाहिलंच नव्हतं. रूथ टेकली होती. पेन्सिल आणली नव्हती, म्हणून तिनं नखानं त्या ओळीखाली बारीक खूण केली. रूथबद्दलची तिची अढी थोडी सैल झाली. बाई बिचारी कामाचीच होती. तिच्या नावानं लोकांनी काय काय केलं, त्यात तिचा काय दोष?

यवतमाळची गाडी फलाटाला लागली. रंजितानं कंडक्टरला दोनदा बजावलं, महागाव आलं की हाक मारा. गाडीत जागा होती, पण ती दांडा धरून उभीच राहिली.